ग्वाल्हेरच्या मेळ्यात गाडी घेण्यापूर्वी

ग्वाल्हेरमध्ये चारचाकी घेण्याचा विचार दिवाळीनंतर कोणी बोलून दाखवला, की घरचे, शेजारचे आणि कचेरीतले सगळे एकच सल्ला देतात : मेळ्यापर्यंत थांबा. या सल्ल्यात तथ्य आहे. १९०५ साली माधवराव शिंदे महाराजांच्या कारकिर्दीत गुरांच्या बाजारापासून सुरू झालेला हा मेळा आज वाहनविक्रीचा मोठा हंगाम झाला आहे, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे मेळ्यात विकल्या जाणाऱ्या वाहनांच्या आजीवन मोटारवाहन करात मध्य प्रदेश सरकार देत आलेली ५० टक्के सूट. मात्र ही सूट करावर असते, गाडीच्या किमतीवर नसते. एवढा एक भेद ध्यानात न ठेवल्यामुळे अनेक कुटुंबे मेळ्यातून गरजेपेक्षा मोठी गाडी घेऊन येतात, किंवा एका हाताने वाचवलेली रक्कम दुसऱ्या हाताने विक्रेत्याला देऊन येतात. म्हणून माझा आग्रह असा, की गाडी मेळ्याच्या आधी घरी बसून ठरवावी आणि मेळ्यात फक्त विकत घ्यावी.

सवलत कशावर आणि कोणाला

मेळ्याचे उद्घाटन झाले म्हणजे सवलत आपोआप लागू होत नाही. त्यासाठी राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय व्हावा लागतो, मग परिवहन विभागाची अधिसूचना निघते, आणि अलीकडे हे सारे मेळा सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी घडलेले आहे. डिसेंबरच्या अखेरीस विक्रेता ‘सूट तर मिळणारच आहे’ असे सांगून नोंदणीची घाई करू लागला, तर अधिसूचना निघेपर्यंत नोंदणी होऊ देऊ नये. बुकिंगची रक्कम भरताना ‘करसवलत लागू झाल्यावरच नोंदणी करावी’ एवढे वाक्य पावतीवर लिहून घ्यावे आणि खाली विक्रेत्याची सही व शिक्का घ्यावा. तोंडी आश्वासन देणारा विक्री प्रतिनिधी महिनाभराने त्याच शोरूममध्ये असेलच असे नाही.

सवलतीच्या दोन अटी महत्त्वाच्या आहेत. गाडीची कायम नोंदणी ग्वाल्हेरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात झाली पाहिजे, म्हणजे क्रमांक एमपी ०७ या मालिकेतला मिळेल; आणि विक्रेता बाहेरगावचा असेल, तर त्याने ग्वाल्हेर कार्यालयाचे व्यवसाय प्रमाणपत्र घेऊन मेळ्याच्या आवारात प्रत्यक्ष दुकान मांडलेले असले पाहिजे. इंदूर किंवा भोपाळच्या ग्राहकांना महागड्या गाड्यांसाठी इथवर येणे परवडते, कारण गाडी जितकी महाग तितका कर मोठा, आणि त्यामुळे वाचणारा निम्मा भागही मोठा.

आता आपल्यासारख्या नोकरदार मराठी घरांचा हिशेब मांडू. समजा गाडीची एक्स-शोरूम, म्हणजे मोटारवाहन कर, नोंदणी आणि विमा सोडून, किंमत ८ लाख रुपये आहे आणि तिला ८ टक्के कर लागतो. कर झाला ६४,००० रुपये, त्यातला निम्मा माफ, म्हणजे वाचले ३२,०००. नोकरदार घराला ही रक्कम लहान नाही, आणि ती अवश्य वाचवावी. परंतु गाडीच्या किमतीच्या मानाने ती चार टक्केच आहे. डोक्यात ‘पन्नास टक्के’ हा आकडा घेऊन मेळ्यात शिरलेला माणूस ‘इतके वाचतेच आहे, तर वरचे मॉडेल घेऊ’ असे म्हणून दीड लाखाने पुढे सरकतो, तेव्हा ३२,००० वाचवण्याच्या नादात तो लाखापेक्षा जास्त ज्यादा खर्च करत असतो.

पुण्या-नाशिकचे नातलगही या दिवसांत आवर्जून विचारतात, की तुमच्या नावावर गाडी घेऊन आम्ही इकडे चालवली तर काय हरकत आहे? हरकत आहे. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायची असेल, तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते आणि तिथला कर भरावा लागतो. इथे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळवण्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी पायपीट करावी लागते. शिवाय गाडी आपल्या नावावर आणि चाके दुसऱ्याच्या हातात, अशा स्थितीत अपघात झाला तर पहिली नोटीस नावावर असलेल्या माणसाला येते. आप्तांना प्रेमाने, पण स्पष्ट नकार द्यावा.

गाडी ठरवावी ती नोव्हेंबर-डिसेंबरात

मेळ्याच्या गर्दीत दहा मिनिटांची चक्कर मारून गाडी कळत नाही. ती मेळ्यापूर्वी, शोरूम रिकामे असताना, घरातल्या सर्वांना बरोबर नेऊन आणि शक्य तर आपल्याच गल्लीत आणून पाहावी. दौलतगंज, जीवाजीगंज किंवा नया बाजार भागातल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्यांनी आधी मोजपट्टी घेऊन दाराची आणि वळणाची रुंदी मोजावी. माहितीपत्रकात छापलेली गाडीची रुंदी बहुधा बाजूचे आरसे सोडून असते, हे पुष्कळांना गाडी दारात अडल्यावर कळते. चार मीटरपेक्षा कमी लांबीची गाडी या भागात केवळ वळवायलाच सोपी पडते असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोल असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेल असल्यास १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, तर त्याहून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. किमतीतला हा फरक मेळ्यातल्या सवलतीहून कितीतरी मोठा आहे, आणि तो वर्षाच्या बाराही महिने मिळतो.

चालवून पाहताना चालवणाऱ्याच्या आसनाइतकेच लक्ष मागच्या आसनाकडे द्यावे. मराठी घरात मागे आजी-आजोबा बसणार, आणि त्यांना गुडघे न वळवता आत शिरता-उतरता येते का, हे त्यांना प्रत्यक्ष बसवल्याखेरीज समजत नाही. मे-जूनमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो, तेव्हा मागच्या बाजूला एसीचे झरोके असणे ही चैन राहत नाही. याउलट सनरूफसाठी वरच्या मॉडेलचे पैसे मोजावेत असे मला मुळीच वाटत नाही. या गावाच्या उन्हात ते वर्षातले बहुतेक महिने बंदच राहते. तेच पैसे सुरक्षिततेवर घालावेत. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची धडक-चाचणी सुरू झाली आहे आणि तिच्यात मोठ्यांच्या व मुलांच्या सुरक्षिततेचे तारे वेगवेगळे दिले जातात. जाहिरातीतल्या ताऱ्यांवर न थांबता, चाचणी झालेल्या मॉडेलमधल्या एअरबॅग आणि इतर सोयी आपण घेत असलेल्या मॉडेलमध्ये आहेत का, हे यादी समोर ठेवून ताडून पाहावे.

इंधनाविषयी आपल्या समाजात फार ठाम मते असतात, आणि त्यातली बरीचशी जुन्या काळातली आहेत. ‘डिझेलचे ॲव्हरेज चांगले’ हे खरेच आहे. पण शहरातल्या लष्कर भागातून मुरारला आणि मुरारहून परत एवढाच ज्याचा रोजचा प्रवास आहे, त्याची गाडी वर्षाला ६,००० किलोमीटरच्या आसपास चालेल. पेट्रोल गाडीने लिटरला १५ किलोमीटर दिले तर ४०० लिटर लागेल, डिझेल गाडीने २० दिले तर ३०० लिटर. आपल्या राज्यात पेट्रोल शंभरीच्या वर आहे आणि डिझेल त्याहून स्वस्त, हे धरूनही वर्षाकाठी पंधरा हजारांच्या आसपास फरक पडतो. आणि डिझेल मॉडेल लाख-सव्वा लाखाने महाग असेल, तर तो फरक भरून निघायला सात-आठ वर्षे जातात. त्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी, की एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे धुराच्या बीएस-६ मानकाच्या, डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी डीपीएफ नावाची गाळणी असते. ती साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. महाराज बाडा चौकाभोवतीच्या कोंडीतच फिरणाऱ्या गाडीची ही गाळणी तुंबते आणि तिचा खर्च मोठा येतो. झाशी, आग्रा किंवा शिवपुरी अशा वाऱ्या ज्याला दर आठवड्याला कराव्या लागतात, त्यानेच डिझेलचा विचार करावा. सीएनजी घ्यावयाची तर कंपनीने बसवलेलीच घ्यावी, आणि टाकी बसल्यावर डिकीत उरलेली जागा स्वतःच्या बॅगा ठेवून पाहावी. लग्नाला सहकुटुंब इंदूर गाठायचे असेल तेव्हा ती जागा लागते.

कोटेशन ओळीने वाचावे

‘ऑन-रोड किती?’ एवढाच प्रश्न विचारणारा ग्राहक विक्रेत्याला आवडतो, कारण एका आकड्यात काय काय घातले आहे ते दिसत नाही. प्रत्येक बाब स्वतंत्र ओळीत लिहिलेले कोटेशन मागावे. त्यात एक्स-शोरूम किंमत, सवलतीपूर्वीचा आणि सवलतीनंतरचा कर, नोंदणी शुल्क, विमा आणि फास्टॅग एवढ्या ओळी रास्त आहेत. गाडी १० लाखांवरची असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच गोळा केलेला प्राप्तिकर, लागतो. तो खर्च नव्हे, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो, म्हणून त्याचे प्रमाणपत्र मागून ठेवावे. उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी नव्या गाडीबरोबरच यायची असते, तिचे वेगळे पैसे देऊ नयेत. ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक्स’ किंवा ‘फाइल चार्ज’ अशा नावाची ओळ दिसली, तर ती शांतपणे काढून टाकायला सांगावी. सीटकव्हर, पायपुसणी आणि अंडरबॉडी कोटिंग यांचे ‘पॅकेज’ सक्तीचे आहे असे सांगितले गेले, तर तेही लेखी मागावे. सक्ती लेखी देण्याची तयारी सहसा कोणाची नसते.

विम्याच्या ओळीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. मेळ्यात करावर जे वाचते त्यातला मोठा हिस्सा इथे परत जातो. नव्या गाडीला तृतीय पक्षाचा विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचा पुरतो, आणि दोन्ही कोणत्याही विमा कंपनीकडून घेण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. बाहेरून दोन-तीन कंपन्यांचे दर काढून ते शोरूमच्या प्रतिनिधीसमोर ठेवले, की बहुधा त्याचाही दर खाली येतो. तुलना करताना मात्र विम्यात धरलेली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, सगळीकडे सारखी आहे ना, हे पाहावे. नव्या गाडीसाठी ती एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के धरतात, आणि ती कमी दाखवून हप्ता स्वस्त भासवता येतो. जुनी गाडी विकून नवी घेत असाल, तर जुन्या गाडीवर साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, आपला असतो, गाडीचा नसतो. जुन्या विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेतल्यास नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. हे पत्र मागायचे असते हे ठाऊक नसल्यामुळे वर्षानुवर्षे सावधपणे गाडी चालवणारी वडीलधारी माणसे आपला हक्क सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते.

गेल्या वर्षीची गाडी

मेळा वर्षाच्या सांध्यावर भरतो, आणि गोदामात उभ्या राहिलेल्या गेल्या वर्षीच्या गाड्या खपवण्यासाठी विक्रेत्याला याहून चांगली संधी मिळत नाही. जानेवारीच्या अखेरीस आपल्या हाती येणारी गाडी ऑगस्टमध्ये बनलेली असू शकते. नोंदणी नव्या वर्षाची झाली, तरी नोंदणी प्रमाणपत्रावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते, आणि पाच वर्षांनी गाडी विकायला काढली की घेणारा आधी तेच बघतो. म्हणून पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी, आपल्यासाठी राखलेल्या गाडीचा चासी क्रमांक आणि निर्मितीचा महिना लेखी घ्यावा. गेल्या वर्षीची गाडी घेऊच नये असे नाही. ती दहा-बारा वर्षे वापरायची असेल आणि करसवलतीखेरीज किमतीत भरघोस सूट मिळत असेल, तर तो शहाणपणाचा सौदा आहे. पण करसवलत आणि जुन्या साठ्यावरची सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचे नाव सांगून दुसरी दाबून ठेवली जाते, तेव्हा ग्राहकाने ती उघडपणे मागितली पाहिजे.

हप्ता आणि मुदत

६ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,४५५ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १,४७,००० होते. तेच कर्ज सात वर्षांचे केले तर हप्ता ९,६५३ पर्यंत खाली येतो, पण व्याज सुमारे २,११,००० होते. हा फरक आपल्या उदाहरणातल्या करबचतीच्या जवळजवळ दुप्पट आहे. मुदत पाच वर्षांपलीकडे न्यावी लागत असेल, तर ती गाडी आजच्या उत्पन्नाला मोठी आहे असे समजावे आणि एक पायरी खालचे मॉडेल बघावे. ‘फक्त ५ टक्के फ्लॅट’, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण कर्जावर व्याज, असा दर मांडवात सांगितला जातो; पाच वर्षांच्या मुदतीत तो घटत्या शिलकीवरच्या ९ टक्क्यांहून थोडा जास्तच पडतो. आपल्या बँकेकडून मंजुरीपत्र आधीच काढून खिशात ठेवावे, म्हणजे मांडवातल्या कर्जाशी तुलना करता येते.

पौष आणि ताब्याचा दिवस

पौषात मोठी खरेदी करू नये, असे अनेक मराठी घरांत मानतात, आणि मेळ्याचे पहिले काही आठवडे नेमके पौषात येतात. शेजारच्या हिंदी भाषक घरांत पौर्णिमान्त पंचांगामुळे माघ आपल्यापेक्षा पंधरवडा आधी लागतो, त्यामुळे त्यांच्या गाड्या आधी दारात दिसू लागतात आणि आपल्या घरात कुजबुज सुरू होते. पंचांग पाळायचे असेल तर अवश्य पाळावे, पण त्याचा हिशेब आधी करावा. पौषातले दिवस कोटेशन जुळवण्यात आणि कर्जमंजुरीत घालवावेत, आणि माघ लागताच नोंदणी करावी. वसंत पंचमीला ताबा घेण्यासाठी शोरूममध्ये झुंबड असते, त्या दिवशी गाडी नीट तपासून मिळणे कठीण. गुढीपाडव्यापर्यंत थांबण्याचा मोह टाळावा, कारण तोवर मेळा संपलेला असतो आणि त्याबरोबर सवलतही.

मुहूर्त कोणताही असो, तपासणी नोंदणीच्या आधी करावी. एकदा नोंदणी झाली की गाडी कायद्याने आपली, आणि मग दरवाजावरचा ओरखडा हा आपल्या आणि विक्रेत्याच्या वादाचा विषय होतो. दिवसाउजेडी, धुके ओसरल्यावर, गोदामात जाऊन चासी क्रमांक कागदाशी ताडावा. पाचही टायरांवर निर्मितीचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत उमटवलेले असते, ते एकमेकांशी आणि गाडीच्या महिन्याशी जुळते का पाहावे. दारांच्या कडांवर आणि बॉनेटच्या बोल्टवर रंगाची छटा वेगळी दिसली, तर दुसरी गाडी मागावी. संकोच करू नये. आठ लाख रुपये देणाऱ्याने दुसरी गाडी मागणे हा उद्धटपणा नव्हे.

जुनी गाडी देताना

‘एक्स्चेंज बोनस’ मोठा सांगायचा आणि जुन्या गाडीची किंमत तितकीच कमी धरायची, ही रीत सगळ्यांना माहीत असूनही चालते, म्हणून जुन्या गाडीचा बाहेरचा भाव आधी दोन ठिकाणी काढून ठेवावा. आपल्या बाजारात दिल्लीकडून आलेल्या जुन्या गाड्याही पुष्कळ येतात. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध घालणारे आदेश निघाले, तेव्हापासून हा ओघ आहे. त्यामुळे जुन्या डिझेल गाडीला इथे अपेक्षेपेक्षा कमी भाव आला तर आश्चर्य वाटू देऊ नये.

भावापेक्षाही कागद महत्त्वाचे. जुन्या गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन नोंदणी प्रमाणपत्रावरचा बोजा आधी उतरवावा. मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० कोऱ्या सहीने देऊन मोकळे होण्याची सवय घातक आहे, कारण गाडी पुढे कोणाकडेही गेली तरी नाव आपलेच राहते आणि दंडाची चलनेही आपल्याकडेच येत राहतात. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे, जुन्या वाहनांच्या अधिकृत नोंदणी असलेल्या विक्रेत्याला गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर देता येते, आणि त्यानंतर त्या गाडीची जबाबदारी त्या विक्रेत्याची ठरते. विक्रेत्याकडे अशी नोंदणी आहे का हे चावी देण्यापूर्वी विचारावे, सूचना आपल्या डोळ्यांदेखत भरवून घ्यावी, तिची पोच जपून ठेवावी, आणि जुन्या गाडीचा फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा.